ग्राइंडरवरची लाल पाटी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी घर बांधताना बाबांनी नकाशात हट्टाने गॅरेज आखून घेतलं होतं. निवृत्त झाल्यावर गाडी घेणार होते. गाडी काही आली नाही, तिच्या जागी बेंच ग्राइंडर आला, मग वस्तू घट्ट धरायचा व्हाइस आला, मग सागवानाचा एक भला मोठा ओंडका आला आणि हळूहळू गॅरेजात माणसाला वळायलाही जागा उरली नाही. आमच्या गल्लीत गॅरेज असलेलं घर एकच आणि त्यात चारचाकी कधी शिरली नाही, हे आई आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर सांगते.

बाबा वरोऱ्याकडच्या एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. जन्मभर दुसऱ्यांची मशिनं दुरुस्त केली. घरी आल्यावर स्वतःसाठी काय करायचं, तर त्यांनी चमचे करायला घेतले. चमचे म्हणजे जेवायचे नव्हेत, मासे धरायचे. पितळेच्या पत्र्याचा बोटाएवढा, पानाच्या आकाराचा तुकडा, एका अंगाने फुगीर, दोन्ही टोकांना भोक. एका भोकात दोरी, दुसऱ्यात तीन काट्यांचा गळ. पाण्यात टाकून ओढत आणला की तो डोलतो, चमकतो, आणि एखादा दुखावलेला लहान मासा पळत असावा तसा दिसतो. मरळीला ते सहन होत नाही, ती त्याच्यावर धावून जाते. ना गांडूळ लागतं, ना कणकेची गोळी. गावात सगळे त्याला चमचाच म्हणतात. चंद्रपूर-नागपूरची हौशी माणसं त्याचं दुसरं काहीतरी नाव घेतात, पण बाबांपुढे तीही चमचाच म्हणू लागतात.

आईला या उद्योगाचा राग नव्हता, पण ती संधी सोडायची नाही. रविवारी सकाळी घरात वंदना होते, पंचशील म्हटलं जातं आणि त्यानंतर अर्ध्या तासात बाबा गरी आणि चमच्यांचा डबा घेऊन तलावाच्या पाळीवर निघालेले असतात. जीव न घेण्याचं पहिलं शील दारातच ठेवून जाता का, असं ती विचारायची. बाबा म्हणायचे, मासा माझ्यावर धावून येतो, मी त्याच्यावर धावत नाही. हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की तो मला आमच्या वंदनेचाच भाग वाटतो.

चमचा करण्याचं काम पाहायला सोपं आहे. परातीचा किंवा ताटाचा जुना पत्रा कातरीने कापायचा. सागवानाच्या ओंडक्यात कोरलेल्या खोलगट खाचेत ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने हळूहळू ठोकायचा, म्हणजे त्याला पोट येतं. पोट जास्त आलं तर चमचा पाण्यात गरगर फिरतो आणि दोरीला पीळ पाडतो. कमी आलं तर मेल्यासारखा सरळ येतो. मग कडा घासायच्या, भोकं पाडायची आणि शेवटी चमक आणायची. ती चमक ग्राइंडरवर येते. ग्राइंडरच्या एका टोकाला दगड असतो, दुसऱ्या टोकाला कापडाची जाड चकती. दिसायला ती चकती गोधडीसारखी मऊ. पण खरी भीती तिचीच. दगड बोट घासतो, चकती हातातली वस्तू ओढून घेते आणि फेकते. चमच्यासारखी लहान वस्तू चिमटीत धरून चकतीला लावायची असते, खालच्या अंगाला, कड बाहेर ठेवून. हात जरा कलला, कड चकतीत गेली, की ती वस्तू कुठे जाईल ते सांगता येत नाही.

आणि बाबांचा हात कलू लागला होता.

आधी बशी वाजायला लागली. चहा देताना कपाखालची बशी किणकिण करायची आणि आम्ही तिघंही ती ऐकू न आल्यासारखं दाखवायचो. मग सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागू लागला. मी रजा काढून त्यांना चंद्रपूरला डॉक्टरांकडे नेलं. कंपवात, डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण दुचाकी आणि मशीन बंद. बाबांनी स्कूटर दुसऱ्याच दिवशी धुतली, पुसली आणि चादर घालून अंगणात उभी केली. तिच्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. मला वाटलं, समजलं त्यांना. पण जेवण झाल्यावर ते गॅरेजात गेले आणि ग्राइंडर सुरू झाला.

मी धानोऱ्याला प्राथमिक शाळेत शिकवते. शनिवारी दुपारी बस धरून घरी यायचं, सोमवारी पहाटे परत निघायचं, असं माझं चालतं. म्हणजे आठवडाभर पहारा आईचा आणि शेवटचा दीड दिवस माझा. पहारा असाच शब्द मी वापरते, कारण दुसरं त्याला काय म्हणावं मला सुचत नाही. गॅरेजात जाऊन उभं राहिलं तर बाबा चिडायचे, माझा हात पायतेस का म्हणायचे. म्हणून मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहायची आणि आवाज ऐकायची. ग्राइंडर रिकामा फिरत असला की त्याचा सूर वर असतो. धातू टेकला की तो खाली बसतो. खाली बसला की मी भाजी चिरायची थांबायची. पुन्हा वर गेला की श्वास सोडायची. मला एवढीच भीती होती, आणि ती अगदी साधी होती. एक दिवस ती चकती बाबांचं बोट घेऊन जाणार, नाहीतर डोळा.

मी स्वभावाने तापट आहे हे घरात कुणी नाकारत नाही. मी समजावलं, मग रागावले, मग अबोला धरला, मग आईवर उखडले. आई म्हणाली, तुझे बाबा खाणीत सायबाचं ऐकत नव्हते, माझं ऐकतील होय. मी बाबांना म्हटलं की कानशीने घासा, हाताने चमकवा, घाई कुणाला आहे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. काम आहे. त्या वर्षी खरंच काम होतं. मच्छीमार सोसायटीने आमच्याजवळच्या तलावात माशांच्या पिल्लांचं बीज सोडलं होतं आणि मोठ्या मरळी ते फस्त करत होत्या. सोसायटीतले एक म्हातारे भाऊ स्वतः येऊन, मरळी काढायला चांगले चमचे करून द्या, असं सांगून गेले होते. बाबांना अगदी नोकरीवर परत बोलावल्यासारखं झालं होतं.

मग तो शनिवार आला. मी ओट्याशी होते. सूर खाली बसला, खालीच राहिला, आणि एकदम ठण्ण असा आवाज झाला. सूर वर गेला. मग ग्राइंडर बंद झाल्याचा तो लांबत जाणारा आवाज. मी सुरी हातात घेऊनच धावले. बाबा जमिनीवर वाकून काहीतरी शोधत होते. हातपाय जागेवर होते, रक्त नव्हतं. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, काही नाही, चमचा पडला.

तो पडला नव्हता. दाराच्या लाकडी चौकटीत रुतून बसला होता. मी चौकटीशी उभी राहिले तर तो बरोबर माझ्या कपाळासमोर. बाबा माझ्याच उंचीचे आहेत. त्यांनी पक्कड आणली, दोन्ही हातांनी चमचा उपटून काढला, उजेडात धरून पाहिला आणि कड वाकली, वाया गेला, एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. गल्लीतल्या बायका अंगणात आल्या होत्या एवढं पुरे. बाबा ऐकून घेत होते आणि पकडीने त्या चमच्याची कड सरळ करत होते.

"हात नाई हालत माहा," शेवटी ते म्हणाले. "चकती जुनी झाली हाय."

रविवारी वंदना झाली आणि ते पुन्हा गॅरेजात गेले.

त्या दुपारी मला लाल पाटी आठवली.

ती पाटी आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीची आहे. हाताच्या पंजाएवढा टिनाचा लाल पत्रा, वर पांढऱ्या अक्षरांत ‘बंद है। आदमी काम पर है।’ आणि खाली बाबांचा हजेरी नंबर. वर्कशॉपात कुठल्याही मशीनमध्ये शिरायचं असलं की फिटर आधी स्विच बंद करायचा, त्यावर आपली पाटी तारेने बांधायचा आणि मगच आत हात घालायचा. काम संपवून बाहेर आला की स्वतःच्या हाताने पाटी काढायची. ज्याने लावली त्यानेच काढायची. दुसऱ्या कुणी नाही, सगळ्यात मोठ्या साहेबानेही नाही. चारजण आत असले तर चार पाट्या, आणि चौथी निघेपर्यंत मशीन चालू नाही. आम्ही लहान असताना बाबा एका फिटरची गोष्ट सांगायचे. तो पाटी काढायला विसरला आणि सायकलवर बसून गावाला लग्नाला निघून गेला. कामाची पाळी खोळंबली, साहेब आरडाओरडा करू लागले, पण पाटीला कुणी हात लावला नाही. शेवटी जीप पाठवून त्याला पंगतीतून उचलून आणलं आणि त्याने उष्ट्या हाताने पाटी काढली. या गोष्टीवर आम्ही फार हसायचो. दुसरी एक गोष्ट होती, ती ते एकदाच बोलले. कुणीतरी घाईत दुसऱ्याची पाटी काढली आणि आतला माणूस हाताला मुकला. बाबांनी त्याला बाहेर काढलं होतं. ती गोष्ट सांगितल्यावर ते जेवले नव्हते.

निवृत्तीच्या दिवशी खाणीतून त्यांनी घरी आणलेली वस्तू ती एकच. कपाटात, बँकेच्या कागदांवर ठेवलेली असते.

बाबा दुपारी आडवे झाले तेव्हा मी ती काढली, गॅरेजात गेले, ग्राइंडरचा स्विच बंद केला आणि पाटी तारेने त्यावर पक्की बांधली. बांधणारी मी. म्हणजे काढणारीही मीच. आणि मी तर सोमवारी पहाटे धानोऱ्याला निघणार. बाबा जगात कुणाचंही न ऐकोत, त्या पाटीचं ऐकतील, हे मला माहीत होतं. बसमध्ये मी स्वतःवर इतकी खूश होते की गडचिरोलीला उतरून दोन प्लेट आलुबोंडे खाल्ले.

सोमवारी रात्री आईचा फोन आला. ती दबक्या आवाजात सांगत होती. बाबा सकाळी गॅरेजात गेले, पाटी पाहिली आणि बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिले. हात पुढे केला, तारेला लावला आणि मागे घेतला. मग दार ओढून बाहेर येऊन बसले. मी म्हटलं, बसू दे रागावून. मंगळवारी ते गॅरेजकडे फिरकलेच नाहीत, वऱ्हांड्यात बसून रस्ता पाहत राहिले. बाबा नुसते बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

बुधवारी दार लावून आत काहीतरी ठोकण्याचा आवाज येत होता, असं आई म्हणाली. ग्राइंडर नाही, हातोडी. काय करता विचारलं तर तू जा म्हणाले. गुरुवारी पुन्हा तिचा फोन आला.

"थे आजबी ठोकूनच राह्यले," आई म्हणाली. "अन् हाताले फडकं बांधून हाय. दाखवत नाईत. रगत दिसते मले त्याच्यावर."

कोणत्या हाताला, किती, ग्राइंडरचा आवाज आला होता का, तू भाजी आणायला बाहेर गेली होतीस का, असं मी विचारत होते आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागेना. शाळेबाहेर आले तर सगळेच फोन हातात धरून उभे. टॉवर गेला होता. धानोऱ्याला टॉवर गेला की तो केव्हा येईल ते तो ठरवतो.

शुक्रवार मी कसा काढला ते वर्गातल्या पोरांनाच विचारावं लागेल. मी फळ्यावर भागाकार लिहिला आणि तो गुणाकारासारखा सोडवला. मनात एकच चित्र होतं. बाबांनी तार सोडली असेल, ग्राइंडर लावला असेल, आणि नियम मोडल्याच्या रागात हात आणखीच थरथरत असेल. मग दुसरं चित्र यायचं, ते त्याहून वाईट. पाटी काढता येत नाही म्हणून त्यांनी ग्राइंडर बाजूला ठेवून कातर, छिन्नी, काय मिळेल ते घेतलं असेल आणि त्याने बोट तोडून घेतलं असेल. म्हणजे मी एक मशीन बंद करून त्यांना दुसऱ्या धारेवर ढकललं. मी मुख्याध्यापकांना शनिवारी लवकर निघू का विचारलं तेव्हा माझा चेहरा पाहून त्यांनी कारण विचारलं नाही.

शनिवारी बस गडचिरोलीपर्यंत ठीक आली. तिथे गाडी बदलून मूलची धरली, टॉवर मिळाला, आईला फोन लावला तर ती उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. वैनगंगेचा पूल गेला, व्याहाड गेलं, आणि सावली गावाच्या पुढे गाडी थांबली. पुढे गाड्यांची रांग लागली होती. वाघ रस्त्याच्या कडेला बसला होता आणि वनखात्याची माणसं त्याला उठून जायची विनंती करत होती. गाडीतले सगळे खिडक्यांशी जमले, कुणी फोटो काढत होतं, एक बाई शेजारणीला सांगत होती की मागच्या वेळचा याच्यापेक्षा मोठा होता. मला त्या वाघाचा इतका राग आला की कंडक्टरने दार उघडलं असतं तर मीच त्याला हाकलायला उतरले असते. साऱ्या जंगलात याला बसायला हीच जागा सापडली होती.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आई अंगणात नव्हती, फोन ओट्यावर पडलेला होता. गॅरेजचं दार अर्धं उघडं, आतून कसलाच आवाज नाही. त्या शांततेला मी जितकी घाबरले तितकी ग्राइंडरच्या आवाजाला कधी घाबरले नव्हते. दार ढकललं.

बाबा स्टुलावर बसले होते. समोर आई उभी, चहाचा पेला धरून, कारण तो त्यांच्या हातात देता येत नव्हता. डाव्या अंगठ्याला फडकं. दुसरी सगळी बोटं जागच्या जागी होती, मी ती मोजली. मग वर पाहिलं. लाल पाटी स्विचवर होती. माझ्या तारेचा पीळ जसा मी घातला होता तसाच होता.

"हतोडी लागली," मी विचारायच्या आधीच बाबा म्हणाले. "मशीन नाई लावली मी. तुह्या मायले विचार."

मला रडू आलं आणि मी नेहमीप्रमाणे ते रागात काढलं. पाटी मी लावली आहे आणि मीच काढणार, नियम तुमचाच आहे, आता तुम्ही काही म्हणा, असं मी एका दमात बोलून टाकलं. बाबांनी आईच्या हातून चहाचे दोन घोट घेतले. मग हनुवटीने पाटीकडे खूण केली.

"थे वाच तं एकवार."

मी वाचलं. बंद है, आदमी काम पर है.

"खाली?"

खाली त्यांचा नंबर होता.

"मंग पाटी कोनाची झाली?" बाबा म्हणाले. "लावनाऱ्याची नसते बाई थे. ज्याचा नंबर त्याची असते. तिथी सारे आपआपली लावत, म्हनून लावनाराच काढे. तू माही लावली. मी सोमवारीच काढू शकत होतो."

मी वेंधळ्यासारखी त्या नंबराकडे पाहत राहिले. लहानपणापासून पाहिलेली पाटी, तोंडपाठ नियम, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. ज्या कुलपाच्या भरवशावर मी गेले होते, त्याची किल्ली बाबांच्याच हातात होती. आईलाही हे ठाऊक नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"मंग काऊन नाई काढली?" मी विचारलं.

दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि उजवा थरथरत होता. पहिल्यांदाच त्यांनी तो दुसऱ्या हाताखाली लपवला नाही.

"सोमवारी हात घातला होता मी तारीले," ते म्हणाले. "मंग वाचलं. या नंबरचा मानूस मशीनच्या आत हाय, असं लिवलं हाय थ्याच्यावर. मशीन लावली तं हात त्याचाच जाईन. मनात म्हटलं, पोरीनं लबाडी केली, पन खोटं नाई लिवलं."

आई पेला घेऊन बाहेर गेली. ती रडायला नेहमी बाहेर जाते.

पाटी बांधताना मी तिच्याकडे फक्त एक अडसर म्हणून पाहिलं होतं. बाबांनी ती वाचली होती. महिनाभर मी ओरडून जे सांगत होते, डॉक्टरांनी जे सांगितलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या नंबरावर, स्वतःच्या वर्कशॉपच्या भाषेत वाचलं आणि त्या दिवशी मान्य केलं. आणि मग आठवडाभर कुणाला न सांगता ते मान्य करत बसले होते.

बाबांनी व्हाइसच्या खालचा खण ओढला. त्यातून एक पितळी पत्रा काढला. चमच्यासाठी ठेवलेल्या परातीच्या तळाचाच तो तुकडा होता, पण चौकोनी कापलेला, कडा कानशीने गुळगुळीत केलेल्या, वर एक भोक. त्यावर माझं नाव ठोकलेलं होतं. आहेराच्या भांड्यावर नाव घालतात तसं, ठिपक्याठिपक्यांनी. अक्षरं वरखाली झाली होती. काना बाजूला सरकला होता. एक अक्षर दोनदा ठोकल्यामुळे दुहेरी दिसत होतं, आणि त्याच्याच शेजारी पितळेवर एक काळपट डाग होता. अंगठा तिथे सापडला असणार.

"हे तुही," ते म्हणाले. "आता लाव."

मी ती घेतली, तार ओवली आणि लाल पाटीशेजारी बांधली. दोन पाट्या एका स्विचवर. माझं बांधून झाल्याची बाबांनी खात्री करून घेतली. मग ते उठले आणि आपल्या पाटीची तार सोडायला लागले.

तार मी फार घट्ट पिळली होती. त्यांची बोटं तिच्यावर ठरत नव्हती. तारेचं टोक सापडायचं, सुटायचं, पुन्हा सापडायचं. माझे हात दोनदा पुढे झाले आणि दोन्ही वेळा मी ते मागे घेतले. दुसऱ्याची पाटी काढायची नसते. मी तिथे उभी राहून माझ्याच तारेला शिव्या देत होते. बराच वेळ गेला. शेवटी तार सुटली, पाटी त्यांच्या हातात आली, त्यांनी ती सदऱ्याला पुसली आणि वरच्या खिशात घातली.

"झालं माहं काम," ते म्हणाले.

खाणीत पाटी काढली की माणूस आंघोळ करून घरी जायचा, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून मला ते वाक्य ऐकवेना. मी महिनाभर याच एका गोष्टीसाठी भांडत होते. आता ती मिळाली होती आणि मला वाटत होतं की बाबांनी ती पाटी परत लावावी, आरडाओरडा करावा, चकती जुनी झाली आहे म्हणावं. जिंकल्यासारखं मला मुळीच वाटलं नाही. मी त्यांना म्हटलंही, की बाबा, हळूहळू करू, एवढ्यात नको. ते माझ्याकडे न पाहता डब्यातले अर्धवट चमचे चाळत होते. सोसायटीच्या भाऊंना दिलेला शब्द होता, आणि ठोकून तयार असलेले चमचे चमक नसल्याने पडून होते.

त्यांनी एक निवडला आणि माझ्या हातात ठेवला. आता तुझी पाटी काढ आणि मशीन लाव, म्हणाले. मी म्हटलं, मला नाही येत. ते म्हणाले, मलाही येत नव्हतं. त्यांनी मला चकतीच्या समोरून बाजूला सरकवलं, ओढणी सोडून ठेवायला लावली, केस बांधायला लावले आणि त्यांचा जुना चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला. मी माझी पाटी काढली, आणि लगेच बंद करता यावं म्हणून स्विचवर बोट त्यांनी स्वतः ठेवलं. मी चिमटीत चमचा धरला, खालच्या अंगाला, कड बाहेर. सूर खाली बसला. बाबांनी श्वास धरला ते मला ग्राइंडरच्या आवाजातही कळलं.

तो चमचा चांगला झाला नाही. एका अंगाला चमकला, दुसऱ्या अंगाला डाग राहिले. बाबांनी तो अंगणातल्या पाण्याच्या ड्रममध्ये दोरीला बांधून ओढून पाहिला आणि मरळ याला पाहून हसेल म्हणाले. आता थोडे बरे होतात. सोसायटीचे भाऊ घेऊन जातात आणि तक्रार करत नाहीत. बाबा ओंडक्यावर पोट ठोकून देतात, त्याला हात थरथरला तरी चालतो, आणि त्यांचा डोळा अजून माझ्या दसपट चांगला आहे. चमक आणायचं काम शनिवारपर्यंत थांबतं.

सोमवारी पहाटे निघण्याआधी मी माझी पितळी पाटी स्विचवर बांधते. तारेला एकच सैल पीळ देते. लाल पाटी बाबांच्या सदऱ्याच्या खिशात असते. कपडे धुवायच्या वेळी आई ती काढून खिडकीत ठेवते, आणि बाबा आंघोळीहून येण्याआधी घालायला काढलेल्या दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात परत घालते. तिला तसं कुणी सांगितलेलं नाही.